सतरा ऑगस्टची रांग

सतरा ऑगस्ट हा आमचा स्वातंत्र्यदिन; त्याच्या संचलनात आमच्या गल्लीच्या बायकांची रांग असते आणि रांगेची म्होरकी मी, एंडांग. कुणाचं पाऊल चुकलं की मी भर रस्त्यात दातओठ खाते, असं म्हणतात. खरं आहे ते.

यंदा शेजारच्या रुमिनीला त्या रांगेत चालायचं होतं. लग्न होऊन आमच्या गावी, सालातिगाला आली तेव्हापासून दरवर्षी ती कडेला खुर्चीवर बसून आमच्या पिशव्या सांभाळायची, कारण तिला दमा. तिचा नवरा, पा सामिजो, तिला अंगणसुद्धा झाडू द्यायचा नाही. माणूस सोन्यासारखा, पण भित्री भागूबाई.

शेवटी मीच तिला दवाखान्याच्या अंगणात रविवारच्या दम्याच्या कवायतीला ओढून नेलं. हात वर, श्वास सोडा, जागच्या जागी चाला, आणि वर जुनी कॅसेट. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला यंत्रात फुंकायला लावलं आणि त्या हसल्या.

"श्वासनळ्यांची आतली सूज उतरलीय हो, बू रुमिनी. पण औषधाचा पंप सोडायचा नाही. व्यायाम त्याच्या जोडीला, त्याच्या बदली नाही."

रुमिनीनं त्याच दिवशी गणवेश शिवायला टाकला.

संचलनाच्या सकाळी गार वारं सुटलं होतं. रुमिनीनं पंप घेतला, हातपाय मोकळे केले, सगळं शिस्तीत. तेवढ्यात पा सामिजो निलगिरीसारख्या कायुपुती तेलाची बाटली घेऊन धावत आला.

"अगं, वारा शिरेल अंगात!" म्हणत त्यानं तिच्या मानेला, गळ्याला अर्धी बाटली चोळली. वास इतका उग्र, की माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. रुमिनी खोकायला लागली, छातीतून शिट्टी वाजू लागली.

"बघा! मी म्हणत होतो, व्यायाम झेपायचा नाही हिला!"

"व्यायाम अजून सुरू कुठे झालाय, पा?" मी कडाडले. "आधी ती बाटली लांब न्या!"

आम्ही तिला नळावर नेलं, तेल धुऊन काढलं. तिनं पुन्हा पंप घेतला आणि डोळे मिटून बसली. मी रांगांना गुण देणाऱ्या पंचांच्या हातापाया पडून आमची पाळी शेवटी ढकलून घेतली. खरं सांगते, माझी घाबरगुंडी उडाली होती. हळूहळू शिट्टी थांबली.

"राहू दे गं यंदा," मी म्हटलं.

"छाती शांत झाल्याशिवाय चालायचं नाही, असं शिकवलंय. झाली शांत. चल."

आणि ती चालली. चढावरसुद्धा एक पाऊल चुकलं नाही. पा सामिजो कडेकडेनं धावत होता, हातात तिचं जॅकेट, थर्मास आणि पंप.

शेवटच्या कमानीपाशी रुमिनी लालबुंद होऊन हसत होती. पा सामिजो मात्र फुटपाथवर फतकल मारून बसला होता. त्याला धाप लागली होती.

रुमिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "अहो, घाई नको. नाकानं श्वास आत घ्या. आता ओठांचा चंबू करा आणि हळू सोडा."

त्यानं निमूटपणे सोडला. "पुढच्या वर्षी," तो कसाबसा म्हणाला, "पिशव्या मी सांभाळीन."

"बसणं आता बंद. रविवारी कवायतीला यायचं," रुमिनी म्हणाली. "आणि तेल न लावता."