नळीवरचा गंज

त्या हिवाळ्यात माझा जीव घरात लागत नव्हता. झेल्मा मावशीनं ओहायोतून निरोप पाठवला होता. तिच्या कारखान्यात तिच्या शेजारचीच जागा रिकामी होत होती आणि वसंत लागेपर्यंत ती मुकादमाला थोपवून धरणार होती. तिकडे जाणारी बस आमच्या डोंगराखालच्या रस्त्यानं सकाळची जायची. गोठ्यात दूध काढताना तिचा आवाज आला की माझे हात थांबायचे आणि गाय मान वळवून बघायची.

डॅडींनी मला अडवलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "ही रायफल होऊ दे, ओर्लीन. पहिली गोळी सुटली की तुझी पेटी मी स्वतः रस्त्यापर्यंत नेतो."

ते लाकूडगिरणीत कामाला होते. संध्याकाळी आणि रविवारी चर्चहून आल्यावर ते हातानं ठासणीच्या रायफली करत. विकायला नाही, करण्यासाठीच. एक भिंतीवर गेली की दुसरीचं लाकूड तासायला घेत. आई म्हणायची, इतरांचे नवरे दारू पितात, माझा नुसती ठासत बसतो.

या रायफलीचा मेपलचा दस्ता झाला होता, घोडा आणि चापही बसले होते. राहिला होता फक्त नळीचा रंग. रंग म्हणजे गंजच. चकाकती नळी हरणाला लांबून दिसते, म्हणून तिला तेजाब, म्हणजे आम्ल, लावून ओलाव्यात टांगायची, सकाळी धरलेला गंज गोणपाटानं घासून काढायचा आणि पुन्हा तेजाब लावायचं. थरावर थर चढत नळी काकवीसारखी तपकिरी झाली की काम संपलं. ओलावा हवा म्हणून नळी झऱ्यावरच्या दगडी खोलीत टांगली होती, जिथे आम्ही दुधाचे डबे थंड पाण्यात ठेवायचो. डॅडी पहाटेच गिरणीत जात, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

आणि ते संपेना. दर सकाळी नळीवर कुठेतरी पांढरा डाग असायचा, आज मागच्या टोकाशी, उद्या तोंडाशी. लोखंडाला तेलकट हात लागला की तिथे गंज धरत नाही. डॅडी संध्याकाळी नळी कंदिलाजवळ धरून फिरवायचे.

"हात धुतेस की नुसते ओले करतेस?" ते म्हणायचे. "मन बसमध्ये बसलेलं असलं की असंच व्हायचं."

मग सगळी नळी घासून पांढरी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात. मी राखेच्या साबणानं बोटांची पेरं फुटेपर्यंत हात धुतले. नळीचं काम होईपर्यंत लोणी लावलेल्या बिस्किटाला शिवायचं सोडलं. हातात जुने लोकरी मोजे चढवले. डाग पडतच राहिले. ओढ्याच्या काठचा बर्फ सुटायला लागला. मावशीचा पुन्हा निरोप आला की मुकादम कुरकुरतोय. मी दिवसातून कितीदा त्या खोलीत जाऊन नळीकडे बघायचे, जणू बघितल्यानं गंज लवकर चढणार होता.

एके दिवशी माझी शाल तिथे राहिली म्हणून मी भर दुपारी परत गेले. आत आई होती. तवा पुसायचा हॅमच्या चरबीचा तुकडा तिच्या हातात होता आणि ती तो नळीवरून फिरवत होती, सावकाश, रोज तव्यावरून फिरवायची तसाच. मला बघून ती थांबली नाही.

"दार लाव," ती म्हणाली. "गारठा आत येतोय."

मी दार लावलं. रागानं विचारलं की हे कधीपासून चाललंय.

"माझा एक तरी तवा गंजलेला पाहिलायस?" तिनं तुकडा फडक्यात गुंडाळला. "झेल्माही उन्हाळ्यापुरतीच गेली होती. तिच्या बशा अजून माझ्या कपाटात आहेत."

संध्याकाळी मी डॅडींना सांगितलं. ते घोड्यात बसवायच्या गारगोटीला धार काढत होते. हात न थांबवता म्हणाले की त्यांना माहीत होतं, चरबीचा वास काय लपतो.

"मग बोलणी मला का?"

"तिला बोललो असतो तर तिनं थांबवलं असतं."

हे बोलून त्यांनी गारगोटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेले.

दुसऱ्या सकाळी मी राख घेऊन नळी घासत बसले होते. आई दुधाचे डबे घेऊन आली. थोडा वेळ उभी राहून बघत होती.

"अशी नाही निघत चरबी. सर बाजूला."

तिनं बाह्या वर केल्या, चुलीवरून कढत पाणी आणलं, त्यात राख कालवली आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत खसखसून धुतली. त्यानंतर गंज सगळीकडे सारखा धरत गेला.

नळी फुटेल या भीतीनं नवी रायफल एकदा बांधून उडवल्याशिवाय डॅडी तिला कुणाला गाल लावू देत नसत. रायफल तयार झाली त्या सकाळी त्यांनी ती ओंडक्याला आवळून बांधली, दारू आणि गोळी ठासली, चापाला लांब दोरी बांधली आणि आम्ही ओकच्या झाडामागे गेलो. माझी पेटी ओसरीवर होती. डॅडींनी दोरी आईच्या हातात दिली. आजवर ती त्यांनीच ओढलेली मी पाहिली होती.

आईनं दोरी मनगटाला गुंडाळली आणि उभी राहिली. तिच्यापलीकडे मला रस्त्याचं वळण दिसत होतं. बस अजून आली नव्हती. माझा एक पाय पेटीकडे वळला होता.

तिनं दोरी ओढली. धूर ओसरला तेव्हा नळी शाबूत होती.

"पुन्हा भर, एस्टिल," आई डॅडींना म्हणाली. "एकदा उडवून काय कळतं?"

डॅडींनी माझ्याकडे बघितलं, मग ठासायचा गज उचलला. मी आईच्या गालाला गाल लावला. तिचे हात दोरीवरच होते. पेटी मीच उचलली.

उतारावर असताना दुसरा बार ऐकू आला. बसचं दार उघडलं तेव्हा तिसरा. ड्रायव्हरनं विचारलं, वर कसली शिकार चाललीय. मी म्हटलं, नवी रायफल आहे, तपासून बघतायत.