मागच्या खोलीतला नवरा

मी एक जुनी गवती पाठीची खुर्ची आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला आमच्या ऑर्कनी बेटांवर झाडं फारशी नाहीत, म्हणून माझे पाय समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडाचे आणि पाठ ओटच्या काडाची. शेतघरात माझ्यावर दोन पिढ्या बसल्या, मग कोठारात कोंबड्या बसल्या. आता मी कर्कवॉल गावात मॉराग फ्लेटबाईंच्या खोलीत असते. बाई मानसोपचार करतात. मित्रांनो, इथे येणारा प्रत्येक जण माझ्यावर बसून खोटं बोलतो, असा माझा पक्का संशय आहे.

थोरा काठी टेकत यायची आणि माझ्यावर बसायची. तिला एमएस आहे. मज्जातंतूंचा हा आजार आमच्याकडे कुणाला नवा नाही. तिचा नवरा एर्लंड समोर सोफ्यावर बसे, टोपी गुडघ्यावर ठेवून. कसं चाललंय विचारलं की दोघंही "बरं आहे" म्हणत. इथे छप्पर उडालं तरी माणसं बरं आहे म्हणतात. मला मात्र एर्लंडचा वहीम येई. मेंढपाळाच्या अंगाला सुगंधी साबणाचा वास कशाला?

एकदा बाईंनी सरळच विचारलं, शरीरसंबंध केव्हा थांबले?

"मेंढ्या व्यायच्या दिवसांत," थोरा म्हणाली. तेव्हा रात्रीबेरात्री उठावं लागतं, म्हणून इथले मेंढपाळ मागच्या खोलीत निजतात. "कोकरं मोठी होऊन बाजारात गेली. हा अजून मागच्या खोलीतच. आणि रोज नटूनथटून जातो कुठे, देव जाणे."

"कुठे जाणार? तुझ्याकडेच येतो. दारापर्यंत," एर्लंड म्हणाला. "मेंढ्यांचा वास नको, म्हणून साबण. पण हात लावला की तू झटकतेस. म्हटलं, नकोसा झालोय."

"अरे, चटका बसतो. आजाराचा. चादरीचासुद्धा बसतो."

आता हा टोपी घालून निघणार, असं मला वाटलं.

"मग कुठे लावू?" त्याने विचारलं.

थोराने केस बाजूला केले. "मानेवर. तिथे नाही बसत."

तो उठून आला. त्याचा हात तिच्या मानेवर टेकला, तशी माझ्यावर कायम ताठ असणारी तिची पाठ सैल झाली. ती रडत होती. निघताना म्हणाली, "आज मागच्या खोलीत झोपलास तर काठीने उठवीन."

मित्रांनो, गोष्टींतल्या जुन्या वस्तू शेवटी आपली धूळ झटकायची विनवणी करतात. माझी धूळ राहू द्या. तुमचं माणूस आजारी असेल, तर त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. दारापर्यंत जाऊन परत फिरू नका.