बसून दिलेलं मत

मोन्तेफ्रावियाची बचत बँक कुणाच्या मालकीची, असं गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने "आमची" म्हणून सांगितलं असतं आणि वर विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. खरं तर ती कुणाचीच नव्हती. फार पूर्वी गावातल्या एका पाद्रीबाबाने, एका जमीनदाराने आणि एका औषधवाल्याने पदरचे पैसे घालून ती काढली होती आणि ते पैसे परत मागायचे नाहीत असं ठरवलं होतं. सभासद वारला की त्याची खुर्ची मुलाकडे जात नसे. उरलेले सभासद गावातलं एखादं भलं माणूस बोलावून तिच्यावर बसवत. पुढे रोममध्ये कायदा झाला, बँकेची कंपनी झाली, तिचे शेअर सभासदांच्या संस्थेकडे आले आणि संस्था त्या नफ्यातून गावाचा बँड, रुग्णवाहिका आणि वृद्धाश्रम चालवू लागली. सगळं इतकं बिनबोभाट चाललं होतं की मालकीचा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

ओत्तोरीनो हा त्या औषधवाल्याचा पणतू. चौकातलं औषधाचं दुकान त्याचंच, त्यामुळे सगळं गाव त्याला डॉक्टर म्हणे. सभागृहाच्या भिंतीवर पणजोबांची तसबीर होती आणि सभासदत्व वारशाने मिळत नसलं तरी त्या तसबिरीने आपलं काम चोख केलं होतं. माणूस सज्जन, हुशार, पण लोक आपल्याला हसतील या धास्तीने त्याची कायम पाचावर धारण बसलेली. हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि एर्सीलियाला ठाऊक होतं.

एर्सीलिया त्याची लहानपणची वर्गमैत्रीण, गावच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण आणि संस्थेतलं एकुलतं एक बाईमाणूस. मिलानच्या एका मोठ्या बँकेने संस्थेकडचे शेअर विकत मागितले तेव्हा ती रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागली. संस्थेचे अध्यक्ष, नोटरी तेओदोरी, यांचा बेत वेगळाच होता. मिलानला नकार द्यायचा, संस्थेची सगळी पुंजी बँकेच्याच नव्या शेअरमध्ये ओतायची आणि उरलेले शेअर गावकऱ्यांच्या गळ्यात मारायचे. बँक आपलीच राहिली पाहिजे, एवढं एकच पालुपद.

"आणि बँकच बुडाली तर?" एर्सीलिया म्हणाली. "मग वृद्धाश्रम काय नोटरी चालवणार?"

ओत्तोरीनोने कर्जांचे आकडे पाहिले होते. किनाऱ्यावर हॉटेलं बांधणाऱ्यांना दिलेली कर्जं बुडीत निघणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तसं सांगतही होता. सभेत आपण दोघांनी विरोध करायचा, असं त्यानेच एर्सीलियाला सुचवलं आणि त्यावर दोघांनी एकेक कडू काढा घेतला, जो ओत्तोरीनो फक्त आवडत्या माणसांना पाजत असे.

त्या सभेची मत द्यायची रीत जुनी होती. ठराव मान्य असेल त्याने बसून राहायचं, नसेल त्याने उभं राहायचं. नाव विचारत नसत, हात वर करत नसत. बसून राहणं हेच होकार. कुणाला तरी पहिल्यापासून पक्कं कळलं असावं की माणसाला खुर्चीतून उठणं किती जड जातं.

नोटरींनी ठराव वाचला, तसबिरीकडे बघून ओत्तोरीनोच्या पणजोबांबद्दल दोन भरघोस वाक्यं बोलले आणि म्हणाले, विरोध असेल त्यांनी उभं राहावं. एर्सीलिया ताबडतोब उठली. ओत्तोरीनोही उठला, म्हणजे उठू लागला. गुडघे थोडे सरळ झाले, पाठ खुर्चीपासून सुटली, आणि तेवढ्यात नोटरींची नजर त्याच्यावर गेली.

"डॉक्टर," ते हसत म्हणाले, "संडास डावीकडे आहे."

सगळं सभागृह खो खो हसलं. ओत्तोरीनोही हसला. आणि हसता हसता खाली बसला. शेजारी एर्सीलिया तशीच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, मोजणी होईपर्यंत. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. सभेनंतरच्या जेवणालाही ती थांबली नाही. ओत्तोरीनो थांबला आणि चांगलं दोनदा वाढून घेतलं, कारण न जेवता गेला असता तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

पुढे व्हायचं तेच झालं. हॉटेलं बुडाली, कर्जं बुडाली, शेअरचे भाव खाली खाली जात मातीमोल झाले. सरकारने बँक ताब्यात घेतली आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा बँकेला एका युरोत विकली. एक युरो, म्हणजे चौकातली एक कॉफी. संस्थेची तिजोरी रिकामी झाली. बँड गप्प झाला, वृद्धाश्रमाला टाळं लागलं आणि म्हाताऱ्यांना मुलांच्या घरी पाठवलं, ज्यांना मुलं नव्हती त्यांना कुठेतरी दूर. दगडाच्या खाणीत नवरा गेलेल्या देल्फीनाने भरपाईची सगळी रक्कम शेअरमध्ये घातली होती. ती पन्नाशीत पुन्हा लोकांचे जिने पुसायला लागली.

सभेत एकजण उभा राहिला होता, ही बातमी मात्र बाहेर फुटली. कोण, ते फुटलं नाही; बसून राहिलेल्या बाकीच्या सभासदांना त्या सभेचा विषयच नको होता. पण गावाला कोडं पडलंच नाही. डॉक्टर दुकानात काय बोलत होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं. लोक येऊन त्याचे हात हातात घेऊ लागले. कुणी घरचं सॉसेज आणून दिलं, कुणी वाइन. ओत्तोरीनो पहिल्या वेळी "छे छे" म्हणाला, तो विनय ठरला. दुसऱ्या वेळी तो काहीच बोलला नाही. नंतर तर बोलायची वेळच निघून गेली.

आणि एर्सीलिया? दरवर्षी बचतीच्या दिवशी शाळेतल्या पोरांची रांग बँकेत नेणारी तीच. पोरांना मातीचे गल्ले वाटणारी तीच. नोटरी गाव सोडून मुलीकडे पळाले, म्हणून सगळा राग हिच्यावर निघाला. देल्फीनाने तिच्याशी बोलणं टाकलं. बेकरीत तिला शिळा पाव मिळू लागला. ओत्तोरीनो हे काउंटरमागून बघत होता आणि त्याला स्वतःची इतकी किळस येई की आरशात बघून दाढी करणं नको वाटे. एकदा तो तिच्या दारापर्यंत गेला. तिने दार उघडलं आणि त्याने खोकल्याचं औषध पुढे केलं. तिला खोकला नव्हता. तिने ते घेतलं आणि आभार मानले.

मग बुडालेल्या लोकांनी नुकसानभरपाईसाठी समिती काढायचं ठरवलं. रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सगळे जमले. अध्यक्षपदासाठी एकच नाव होतं. ओत्तोरीनो घरूनच ठरवून आला होता की आज सांगायचं. काय वाट्टेल ते होवो, आज सांगायचं. त्याला पहिल्या रांगेत बसवलं, आणि दुसरीकडे जागाच नसल्यामुळे एर्सीलिया येऊन त्याच्या शेजारी बसली. आजूबाजूच्या दोन बायका उठून मागे भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

बेकरीवाला गुआल्तिएरो तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. पण तेही त्यातलेच एक सभासद. उभे राहिले म्हणतात, पाहिलंय कुणी? ही बाई तिथे होती ना, तिलाच विचारा."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. देल्फीना म्हणाली, "हिला काय विचारायचं?"

"विचारतो. बाई, कोण उभं होतं त्या दिवशी?"

एर्सीलिया ओत्तोरीनोकडे वळली आणि बघत राहिली. वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसलेल्या मुलाकडे ती बघे, तशी. तिने त्याला वेळ दिला, भरपूर दिला. ओत्तोरीनोच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. मग त्याला मागच्या रांगा आठवल्या, देल्फीनाचा चेहरा आठवला, आणि तो मूग गिळून आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला.

"डॉक्टर," एर्सीलिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "डॉक्टर उभे राहिले होते. ते एकटेच. मी बसून होते."

मागून कुणीतरी तिला शिवी हासडली, आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. देल्फीना रडत होती. ओत्तोरीनोला ही दया म्हणावी की शिक्षा, कळेना. शरमेने त्याचे कान जळत होते.

एर्सीलिया त्याच्या कानाशी वाकली.

"ऊठ, ओत्तोरीनो," ती हळूच म्हणाली. "आता कुणी हसणार नाही."

तो उठला.