वळणावरची मारुती

अकरा वाजता सिटी बसची चाचणी फेरी होती. कॉलनीतून जाणारी बस काढून बाजाररस्त्याने न्यावी, अशी दुकानदारांची मागणी होती. कॉलनीतल्याही निम्म्या लोकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. इथं रस्त्यावर गाड्या इतक्या लागत, की वळणावर बस दोनदा मागेपुढे करावी लागे. बस डेपोच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं : एका दमात वळली तर राहील, नाहीतर सोमवारपासून बाजारातून.

स्वानंदीला बस हवी होती ती भागीबाईंसाठी. विहितगावहून येऊन त्या कॉलनीत चार घरी पोळ्या करत. बाबांच्या दुखण्यात दोन वर्षं त्यांनीच बाबांना अंघोळ घातली, घास भरवले. बाजारापासून इथवर रोज चालायचं तर त्यांच्या गुडघ्यांपायी ही घरं सुटलीच असती. बाबांना जाऊन चार महिने झाले, तरी स्वानंदीने भागीबाईंचे धड आभारही मानले नव्हते. निदान एवढं तरी करावं, म्हणून आदल्या संध्याकाळी ती अकरा घरी जाऊन आली. उद्या तेवढी गाडी आत घ्या.

सगळ्यांनी घेतल्या. पावणेअकराला भागीबाई वळणावर येऊन म्हणाल्या, "ताई, लोकांच्या हलवल्या. आन् ही?"

कव्हर घातलेली बाबांची मारुती ऐन वळणावर उभी होती, त्यांनी शेवटची लावली तशीच. अकरा घरं फिरताना स्वानंदीला ती रस्त्यातली गाडी वाटलीच नव्हती.

तिने घरातून किल्ली आणली, कव्हर ओढून काढलं आणि आत बसून किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. तेवढ्यात कोपऱ्यावर बस येऊन थांबली.

"बघत काय बसलात? चाक सांभाळा," भागीबाईंनी डिकीला खांदा लावला. "तुमच्या बाबांना दोन वर्षं उचललं म्या. हिला तर चाकं हायेत!"

बसचा कंडक्टर हसत उतरून ढकलायला आला. पण न्यायची कुठे? समोरच्या चिंतामणकाकांनी फाटक सताड उघडलं. हॉर्नने दुपारची झोप मोडते म्हणून सह्या गोळा करत फिरले होते तेच.

"आत घे."

"काका, पण तुम्ही तर..."

"माझा विरोध बसला आहे. तुझ्या बाबांच्या गाडीला नाही. ब्रेक दाब आता, कुंड्या फोडशील!"

मागे बस एका दमात वळली. बसमधून उतरलेल्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ड्रायव्हरकडे पाहून मान डोलावली. "राहू द्या इथूनच."

"गाडी असू दे इथेच," काका म्हणाले. "तुला जमेल तेव्हा ने."

"बरं," स्वानंदी म्हणाली. ती उतरली आणि भागीबाईंसमोर वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.

"अवं ताई, रस्त्यात काय हे!" भागीबाई दोन पावलं मागे सरकल्या, पदराने डोळे टिपले. "चला घरी. आज पहिल्या तुमच्याच पोळ्या."