पलीकडच्या बाई

"बाई तर मघाशीच बाहेर पडल्या," दाराशी बसलेला रखवालदार म्हणाला. "दुसऱ्या इमारतीत कुणाला तरी भेटायचंय म्हणाल्या."

तंत्रज्ञ दारातच थबकला. दुसरी इमारत म्हणजे त्याची, आणि बाई तिथे ओळखत होत्या ते फक्त त्यालाच.

शहराच्या दोन टोकांना या दोन इमारती. एका मोठ्या इस्पितळाची सगळी माहिती दोन्हीकडच्या यंत्रांत साठवलेली. एकीकडे काही नोंदलं की लगेच दुसरीकडेही उमटायचं. मधे दोन केबली, एक नदीकाठाने, दुसरी टेकडीमागून. एक तुटली तर दुसरीने भार उचलायचा, म्हणून दोघींनी वाटेत कुठेही जवळ यायचं नाही, असा नियम. माणसांनाही नियम होताच. दोन टोकांना दोघं, आणि दोघांनी एकाच वेळी जागा सोडायची नाही. त्यामुळे इतकी वर्षं रोज फोनवर बोलूनही त्याने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. चाचणीच्या दिवशी त्या एक केबल काढायच्या आणि विचारायच्या, "येतंय का सगळं, पलीकडचे?" तो म्हणायचा, "येतंय." बाई दिसतात कशा, असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा "आवाजावरून उंच वाटतात," असं तो गंभीरपणे म्हणाला होता. बायको दिवसभर हसत होती.

आज बाई निवृत्त होत होत्या. संध्याकाळच्या गाडीने त्या दूर लेकीकडे जाणार होत्या, कायमच्या. आज भेट झाली नाही तर कधीच नाही, हे त्याला सकाळपासून टोचत होतं. त्यात एक केबल गेली की काम आपोआप दुसरीवर टाकणारं नवं यंत्र कालच बसलं होतं. त्याची तेवढी चाचणी उरली होती. तोवर परत येऊ, असा हिशेब करून तो कुणाला न सांगता टेकडीमागच्या बसने निघाला. बाईंना चकित करायचं होतं ना.

बाई गेल्या होत्या नदीकाठच्या बसने.

तो आत गेला. थंडगार खोलीत बाईंची खुर्ची होती, पाठीवर लहानसा निळा स्वेटर. खाली पाय टेकवायला एक लाकडी खोका. म्हणजे बाई चांगल्याच बुटक्या होत्या. त्याला हसू आलं आणि उगीचच भरूनही आलं.

फोन वाजला.

"तुम्ही माझ्या खुर्चीत बसलाय ना?" बाईंनी विचारलं.

"हो. आणि तुम्ही माझ्या."

"बसलेय कसली, लोंबकळतेय. पाय कुठे टेकतात इथे."

दोघंही पोटभर हसले. मग बाईंनीच आठवण करून दिली, चाचणीची वेळ झाली होती. या वेळी केबल काढायची पाळी त्याची. त्याने नदीकाठची काढली. यंत्रावरच्या, प्रत्येक केबलीचा एक अशा दोन दिव्यांपैकी एक विझला.

"येतंय का सगळं, पलीकडच्या बाई?"

बाई म्हणाल्या, "येतंय."

त्याने केबल परत जोडली. गाडीला अजून अवकाश होता. तिथेच थांबा, मी निघालोच, असं तो म्हणाला.

"थांबते. आता जागची हलत नाही," बाई म्हणाल्या. "पण मी तुम्हाला ओळखणार कशी?"

"हातात तुमचा स्वेटर असेल."

फोन ठेवून त्याने स्वेटरची नीट घडी घातली, खोका काखोटीला मारला आणि दार ओढून घेतलं. आत दोन्ही दिवे लागलेले होते आणि खुर्ची रिकामी होती.