मेन आला, मास्टर निघाला

मी मास्टर बोलतोय. शाळेतला नव्हे, कोडमधला. उरणच्या एका ट्रक कंपनीचा प्रोग्राम ज्या मुख्य शाखेत, म्हणजे मूळ प्रतीत, राहतो, ती शाखा म्हणजे मी. न्हावा शेव्याला कंटेनर नेणाऱ्या ड्रायव्हरांना कुठल्या गेटने शिरायचं ते यार्डातल्या पडद्यावर दिसतं, ते माझ्यामुळे.

मला जन्माला घातलं अमिषाने, मालकांच्या मुलीने. नाव मात्र तिने ठेवलं नाही. तेव्हा सगळ्या मुख्य शाखांचं आपोआप हेच असायचं. आता नव्या भागीदारांना 'मास्टर'मध्ये गुलामांचा धनी दिसतो, त्यांना 'मेन' हवं. झालं! माझ्यातूनच तिने मेन काढला आणि सर्व्हरवर चढवला. सगळा इतिहास माझा, आणि तोरा मात्र त्याचा!

तिचा चुलतभाऊ रितेश भलता उतावळा. त्याने लगेच मला उडवायला घेतलं. सर्व्हरने साफ नकार दिला: हा डीफॉल्ट आहे, न सांगता उघडणारा; आधी दुसरा नेमा. मी मनसोक्त हसलो. मग अमिषाने सेटिंगमध्ये मेनला नेमलं आणि माझं हसू मावळलं.

"आता उडवू?" रितेशने विचारलं.

"थांब रे. यार्डातलं मशीन अजून मास्टरलाच विचारतंय. आधी त्याला नवं नाव सांगून येते."

पण तो दिवस दसऱ्याचा. यार्डात ट्रकांबरोबर मशीनचीही पूजा झालेली. कीबोर्डवर हळदकुंकू, वर झेंडूची माळ, आणि शेजारी खुर्ची टाकून मुकादम नामाकाका.

"पूजेतल्या मशिनीला आज हात न्हाय लावाचा, पोरी."

"काका, पूर्वेचं गेट बंद झालंय, पडदा अजून तेच दाखवतोय! गाड्या अडकल्या तर जहाज निघून जाईल, बाबांचं कंत्राट जाईल."

"मंग हात न लावता कर काय कराचं ते."

अमिषा तणतणत ऑफिसात आली. गेटची दुरुस्ती तिने मेनमध्ये केली होती, पण मशीन मेनला ओळखतच नव्हतं. शेवटी तिने यादीत टिचकी मारून मला उघडलं आणि तीच दुरुस्ती माझ्यावर चढवली. पदावरून काढलेल्या माझ्यावर! मशीनने नेहमीसारखं मला विचारलं, मी पश्चिमेचं गेट सांगितलं, गाड्या वळल्या. जहाज कंटेनर घेऊनच सुटलं. मेन नुसता डीफॉल्ट होऊन बसला होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज माळ उतरली. मशीनला नवं नाव सांगून झालं, आता ते मला विचारत नाही. रितेशचे हात शिवशिवतायत, पण अमिषाने लॅपटॉप स्वतःकडे ओढलाय. शाखा पुसायची तर तिचं नाव पूर्ण लिहावं लागतं. मी आपोआप नाहीतर टिचकीने उघडायचो, त्यामुळे अमिषाला माझं नाव लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती एकेक अक्षर सावकाश लिहितेय. लिहून झालं, तरी एंटरवर बोट थांबलंय.

दाब आता, अमिषा. माझं नाव ऐकलं मी.