चार ते पाच

"दीक्षा मॅडम, हे एक वर्ष काय करत होता आपण?" माझ्या बायोडेटातल्या रिकाम्या वर्षावर दत्तप्रसाद सरांनी पेन टेकवलं. खराडीतल्या कंपनीत माझी मुलाखत चालली होती. आजारी होते म्हणून सांग, असं आईनं बजावलं होतं.

"व्यसनमुक्ती केंद्रात होते," मी म्हटलं. "आधीच्या कंपनीत डेडलाइन आली की आमचा टीम लीडच जागं राहायच्या गोळ्या वाटायचा, वडापावबरोबर. प्रोजेक्ट संपला, माझ्या गोळ्या संपल्या नाहीत."

"आता सुटल्या ना कायमच्या?"

"तसं नसतं. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना निरोप धाडतात, ते सांधे गोळीनं बदलतात. काही नवीन शिकलं तरी तेच सांधे बदलतात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मला रोज चारला तलफ यायची, म्हणून चारलाच येरवड्यात पोहायला शिकले. एकोणतिसाव्या वर्षी, शाळेच्या पोरांबरोबर, नाकातोंडात पाणी जात. अजूनही रोज चारला पोहते, आता इथल्या जवळच्या तलावात. म्हणून चार ते पाच मी ऑफिसात नसेन. पाचला येऊन आठपर्यंत काम करेन."

"नोकरी मागताय की अटी घालताय?"

"दोन्ही."

ते हसले. "अहो, पोहणं एकदा आलं की आलं. ते कोणी विसरतं का? मग रोज कशाला?"

"गोळीही मी तशीच शिकलेय, सर. तीही विसरणार नाही."

पावणेचार झाले होते. त्यांच्या उत्तरासाठी न थांबता मी पोहायची पिशवी उचलली.